दोन रुपयांचे मंत्रिपद

सीताबर्डीची टेकडी मागे टाकून अंबाझरीच्या रोखाने पश्चिमेस निघालेल्या माणसास धरमपेठ लागते, आणि तिला लागूनच सिव्हिल लाइन्सचा तो विस्तीर्ण, वृक्षाच्छादित भाग सुरू होतो, जेथे इंग्रजी अमलातील अधिकाऱ्यांचे बंगले होते आणि जेथे आजही दर हिवाळ्यात महाराष्ट्राचे विधिमंडळ आपले दफ्तर घेऊन येते. अधिवेशनाच्या दिवसांत धरमपेठेतील रहिवाशाला अडवलेले रस्ते, मोर्चांच्या घोषणा आणि पोलिसांचा बंदोबस्त यांची इतकी सवय झालेली असते की, लोकनियुक्त सभासदांनी एकजुटीने मत देऊन एका सबंध प्रांताचे मंत्रिमंडळ निकामी करून टाकण्याचा प्रसंग याच परिसरात शंभर वर्षांपूर्वी घडून गेला आहे, हे त्याच्या गावीही नसते. चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांचे नाव घेणारे इतिहासग्रंथ या प्रसंगाला दोन-चार ओळींपलीकडे जागा देत नाहीत. मला ही उपेक्षा फार जाचते. कारण पक्ष म्हणजे काय, बहुमत म्हणजे काय, आणि मतदाराला दिलेला शब्द त्याच्या प्रतिनिधीने कोठवर पाळावयाचा, हे प्रश्न आपल्या भागात प्रथम खऱ्या अर्थाने विचारले गेले ते १९२३ च्या निवडणुकीत.

त्या निवडणुकीचे स्वरूप समजावयाचे तर तिची मतदारयादी कशी तयार होत होती हे आधी पाहिले पाहिजे. १९१९ च्या कायद्याने मध्य प्रांत हा गव्हर्नरचा प्रांत झाला आणि त्याला ७० सभासदांचे कायदे कौन्सिल मिळाले. त्यांपैकी ५४ जागा मतदारांच्या पसंतीने भरावयाच्या होत्या. उरलेल्यांत सरकारी अंमलदार आणि सरकारनियुक्त गृहस्थ बसत. या ५४ मध्ये वऱ्हाडच्या १७ जागा होत्या, पण वऱ्हाडची कायदेशीर मालकी अद्याप निजामाकडे असल्यामुळे तेथील मतदारांनी निवडलेल्या माणसाला गव्हर्नरने पुन्हा नियुक्त करावे, तेव्हाच तो सभासद व्हावा, असा द्राविडी प्राणायाम कायद्याने घालून दिलेला होता. अमरावतीचा किंवा अकोल्याचा प्रतिनिधी लोकांच्या मताने निवडून येई आणि सरकारी नेमणुकीने सभागृहात बसे. आपल्या मताला दुसऱ्याच्या मोहरेवाचून किंमत नाही, हे वऱ्हाडच्या मतदाराला कायदाच सांगत होता.

आणि मतदार तरी किती? प्रांताच्या लोकसंख्येत शंभरामागे दीडसुद्धा नाही. मुंबई इलाख्यात हे प्रमाण चारच्या जवळपास होते, मद्रासेत तीनच्या वर; बिहार वगळता मध्य प्रांताइतकी आखूड यादी दुसऱ्या कोठल्याही मोठ्या प्रांताची नव्हती. नागपूरकडच्या खेड्यांत मालगुजार, लंबरदार आणि ठरावीक रकमेच्या वर खंड भरणारे कुळ, वऱ्हाडात ठरावीक साऱ्याचा खातेदार, आणि शहरात घरभाडे किंवा म्युनिसिपालिटीने ठरविलेली हैसियत ज्याच्या नावे पुरेशी लागली असेल तो, एवढ्यांनाच मत होते. म्युनिसिपल कचेरीतल्या कारकुनाने कराच्या वहीतून नावे उतरवून काढावीत आणि तीच मतदारयादी व्हावी, अशी ही रीत होती. एका वाड्यात चार भाऊ एकत्र राहत असले आणि कर थोरल्याच्या नावे असला, तर कायदा त्या सबंध कुटुंबाला एकच मतदार समजे. धाकटे तिघे वकील झालेले असोत की मास्तर, त्यांच्या वतीने मत देणारा एकच. उलट एखाद्या जमीनदाराचे नाव सर्वसाधारण मतदारसंघातही असे, जमीनदारांच्या खास मतदारसंघातही असे, आणि तो जुना पदवीधर असला तर १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या मतदारसंघातही त्याचा हक्क पोचे. मुसलमानांचे मतदारसंघ स्वतंत्र होते. लखनौ कराराने मध्य प्रांतात त्यांचा वाटा शेकडा पंधरा ठरविलेला होता. खाणमालकांना व व्यापाऱ्यांनाही आपापली जागा होती. मिळकत, सारा आणि पदवी यांना मत होते. माणसाला माणूस म्हणून ते नव्हते.

स्त्रियांना तर मुळीच नव्हते. मद्रास आणि मुंबईने १९२१ मध्येच हा अडसर काढून टाकला होता. आमच्या प्रांताला त्यासाठी आणखी काही वर्षे लागली. अस्पृश्य समाजातील माणसाच्या नावे इतकी हैसियत लागणे हीच दुर्मिळ गोष्ट असल्याने त्या समाजाचा आवाज सभागृहात यावयाचा तो सरकारी नेमणुकीच्या दाराने. गणेश आकाजी गवई यांच्यासारखा कर्तृत्ववान पुढारी १९२० मध्ये कौन्सिलात बसला तो असाच. १९२३ ची ती निवडणूक जिंकणाऱ्या स्वराज्य पक्षाच्या पराक्रमाचे वर्णन करताना हे विसरून चालणार नाही. ज्या लोकांच्या नावाने ते भांडत होते, त्यांतील बहुसंख्यांना त्यांच्या बाजूने किंवा विरुद्ध मत देण्याची मुभाच नव्हती, आणि सरकारने नेमलेला सभासद म्हणजे सरकारचा हस्तक असे ठोकळ समीकरण मांडून त्यांनी गवई आदींच्या अडचणीची पुरती कदर केली नाही, असे माझे मत आहे.

या कायद्याखालची पहिली निवडणूक १९२० च्या नोव्हेंबरात झाली. नागपूर हे टिळकांच्या अनुयायांचे गाव. कौन्सिलात शिरून सरकारला आतून पेचात धरावे, ही टिळकांच्या वळणाची मसलत डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे आणि त्यांचे सहकारी यांना मनापासून पसंत होती. परंतु ऑगस्टच्या पहिल्या तारखेला टिळक गेले, काँग्रेसच्या कलकत्त्याच्या खास अधिवेशनाने कौन्सिलांवर बहिष्कार पुकारला, आणि नागपूरकरांनी मनाविरुद्ध शिस्त पाळली. डिसेंबरात काँग्रेसचे प्रसिद्ध अधिवेशन नागपुरातच भरले आणि असहकारितेवर तेथेच शिक्कामोर्तब झाले. मैदान मोकळे राहिल्यामुळे पहिले कौन्सिल नेमस्तांचे, पदवीधारकांचे आणि मालगुजारांचे झाले. सर गंगाधरराव चिटणवीस हे त्याचे पहिले अध्यक्ष. ही माणसे लहान नव्हती. सर बिपिन कृष्ण बोस, सर मोरोपंत जोशी यांच्यासारख्यांनी या प्रांताच्या शिक्षणासाठी व स्थानिक कारभारासाठी आयुष्य वेचले होते. पण ते निवडून येत ते स्वतःच्या वजनावर. त्यांच्या पाठीशी पक्ष नव्हता, जाहीरनामा नव्हता, आणि मतदारही अमक्या धोरणाला मत देतो असे न समजता अमक्या साहेबांना देतो असे समजत होता.

तीन वर्षांत हे चित्र पालटले. गयेच्या काँग्रेसनंतर, १ जानेवारी १९२३ रोजी, दास आणि मोतीलाल यांनी स्वराज्य पक्षाची स्थापना केली आणि नागपूरच्या जुन्या टिळकपंथीयांना आपली बासनात बांधून ठेवलेली मसलत पुन्हा हाती घेण्यास अधिकृत मुभा मिळाली. त्याच उन्हाळ्यात नागपुरात झेंडा सत्याग्रह पेटला. शहरातून निघालेल्या स्वयंसेवकांनी तिरंगी झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये शिरावयाचे आणि पोलिसांनी त्यांना हद्दीवर धरून तुरुंगात पाठवावयाचे, असे १ मे पासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत दिवसामागून दिवस चालले. जमनालाल बजाज पकडले गेले, वल्लभभाई पटेलांनी सूत्रे घेतली, देशभरातून तुकड्या आल्या, हजाराहून अधिक लोक तुरुंगात गेले, आणि १८ ऑगस्टला मिरवणूक अखेर त्या वर्जित रस्त्यावरून गेली. शहर आणि सिव्हिल लाइन्स यांच्यामधील ती अदृश्य रेषा एकदा ओलांडली गेल्यावर, झेंडा जेथे गेला तेथे आपला माणूसही गेला पाहिजे, ही भावना नोव्हेंबरच्या मतदानापर्यंत ताजी राहिली नसती तरच नवल. सप्टेंबरात दिल्लीच्या खास अधिवेशनाने निवडणूक लढविण्यास परवानगी दिली तेव्हा हाती दोन महिनेही नव्हते. गोपाळराव ओगले यांच्या ‘महाराष्ट्र’ पत्राने एका बाजूने आणि भारत सेवक समाजाच्या ‘हितवाद’ने दुसऱ्या बाजूने वादाची धार कायम ठेवली.

निकाल लागला तेव्हा सरकारने बांधलेला सारा हिशेब उलटा ठरला. निवडून आलेल्या ५४ मध्ये चाळीसच्या आसपास स्वराज्य पक्षाचे होते. बंगालमध्ये दासांचा पक्ष सर्वांत मोठा होता, पण त्याला अपक्षांची मदत घ्यावी लागे. मुंबईत व संयुक्त प्रांतातही तो बलवान गट एवढाच होता. निर्विवाद बहुमत त्याला मिळाले ते सबंध हिंदुस्थानात एकट्या मध्य प्रांतात. आणि हे बहुमत दिले कोणी? जी यादी राजनिष्ठ मालगुजार आणि हैसियतदार शहरी गृहस्थ यांच्याच हाती कौन्सिल राहावे म्हणून इतकी आखूड ठेवली होती, त्याच यादीतल्या माणसांनी! वकील, डॉक्टर, शिक्षक, घरमालक, मध्यम मालगुजार असा हा वर्ग. पुढे नागपूर सुधार प्रन्यासाच्या आखणीने धरमपेठ पश्चिमेस पसरली तेव्हा जो वर्ग तेथे घरे बांधून राहिला, त्याचीच ही आधीची पिढी. मिळकत असलेला माणूस मिळकतीच्या भीतीने सरकारबरोबर राहतो, हा सिद्धान्त त्यांनी गुप्त मतदानाने खोटा पाडला. या गोष्टीचा मला अभिमान वाटतो, आणि तो लपविण्याचे कारण दिसत नाही.

गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनी बहुमताच्या पक्षाला मंत्रिपदे देऊ केली. पक्षाची प्रतिज्ञा पद न घेण्याची असल्याने त्याने ती नाकारली, तेव्हा गव्हर्नरने पक्षाबाहेरून दोन मंत्री नेमले. जानेवारी १९२४ मध्ये कौन्सिल बसताच त्या मंत्र्यांवरील अविश्वासाचा ठराव मोठ्या मताधिक्याने मंजूर झाला. मंत्री तरीही खुर्चीवर राहिले. मग मार्चात अंदाजपत्रक आले आणि डॉ. मुंजे यांच्या नेतृत्वाखाली स्वराज्य पक्षाने एकामागून एक मागण्या नामंजूर करण्याचा सपाटा लावला. पोलीस, जमाबंदी, तुरुंग, शिक्षण, आरोग्य, प्रत्येक खात्याची मागणी वाचली जाई, मते घेतली जात, आणि ती फेटाळली जाई. मंत्र्यांच्या पगाराची मागणी मात्र त्यांनी फेटाळली नाही. ती त्यांनी मंजूर केली. वर्षाला दोन रुपये! मागणी सपशेल नाकारली असती तर तो केवळ नकार झाला असता. दोन रुपये मंजूर करून सभागृहाने आपल्या अधिकारात त्या पदाची किंमत ठरवून दिली आणि ती सरकारी कामकाजाच्या नोंदीत उतरवून ठेवली. मंत्र्यांनी राजीनामे दिले.

येथवरची कथा विजयाची आहे. पण द्विदल राज्यपद्धतीची रचनाच अशी होती की या विजयाच्या पोटातच पुढचा विपर्यास वाढत होता. पोलीस, न्याय, जमाबंदी, अर्थ ही राखीव खाती गव्हर्नरच्या हाती; त्यांच्या नामंजूर झालेल्या मागण्या त्याने आपल्या सहीने पुन्हा कायम केल्या. शिक्षण, आरोग्य, शेती, स्थानिक स्वराज्य ही सोपीव खाती मंत्र्यांकडे असावयाची. मंत्रीच नाहीत म्हटल्यावर तीही गव्हर्नरने स्वतःकडे घेतली आणि जुन्या मानाने चालविली, पण त्यांतील नव्या योजना मात्र पैशावाचून अडल्या. म्हणजे पोलिसाचा पगार थांबला नाही, थांबली ती नवी शाळा आणि नवा दवाखाना. कायद्याने बहुमताला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार दिला होता. ‘हो, आणि आम्ही हे असे करू’ म्हणण्याचा दिला नव्हता. ज्या सभागृहात मतदाराची इच्छा केवळ नकाराच्याच रूपाने प्रकट होऊ शकते, तेथे पक्षाची एकजूट पहिल्या वर्षी तेजस्वी दिसते, दुसऱ्या वर्षी ती कवायत होते, आणि तिसऱ्या वर्षी एकेक सभासद स्वतःशी विचारू लागतो की आपल्या तहसिलीतल्या लोकांना आपण नेऊन काय दिले. हा प्रश्न स्वार्थाचा नव्हता. तो प्रामाणिक होता, आणि पक्षाजवळ त्याला उत्तर नव्हते.

पहिली फट अध्यक्षपदाने पाडली. कायद्याने ठरविलेली चार वर्षांची मुदत संपल्यावर सरकारनियुक्त अध्यक्षाच्या जागी कौन्सिलाने आपला अध्यक्ष निवडावयाचा होता, आणि १९२५ मध्ये अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे हे स्वराज्य पक्षाचे सभासद त्या जागी निवडून आले. हे पद सभागृहाचे, सरकारचे नव्हे, असा युक्तिवाद करता येत होता आणि तो योग्यही होता. परंतु त्याच वर्षी सर मोरोपंत जोशी यांची गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातील गृहखात्याची जागा रिकामी झाली, आणि ऑक्टोबरात तांबे यांनी ती स्वीकारली. अंदाजपत्रकात ज्या पोलीसखात्याची मागणी त्यांच्या पक्षाने फेटाळली होती, तेच खाते आता त्यांच्याकडे आले.

मोतीलालांचा संताप अनावर झाला. तांब्यांनी मतदारांचा विश्वासघात केला असे त्यांनी म्हटले. पक्षातीलच नेते केळकर आणि जयकर यांना तसे वाटले नाही. जे अधिकार हाती येतात ते घेऊन वापरावेत, सहकार्य मिळेल तेथे सहकार्य व विरोध होईल तेथे विरोध करावा, ही त्यांची प्रतियोगी सहकारितेची भूमिका होती, आणि तिचे मूळ ते टिळकांपर्यंत नेत. मुंजे आणि वऱ्हाडचे नेते अणे त्यांच्या बाजूस गेले. पक्षाचा रोगट अवयव कापून काढावा लागेल, अशा आशयाचे मोतीलालांचे उद्गार आगीत तेल ओतणारे ठरले. १९२६ च्या फेब्रुवारीत अकोल्यास प्रतियोगी सहकारितावाद्यांनी आपला वेगळा पक्ष उभा केला, आणि साबरमतीस झालेला समेटाचा यत्नही टिकला नाही. नागपुरात ही दुफळी घराघरांत शिरली, कारण तिच्या दोन्ही बाजूंना शहराची लाडकी माणसे होती. एकीकडे मुंजे, दुसरीकडे बॅ. मोरोपंत अभ्यंकर, जे मध्यवर्ती असेंब्लीत नागपूरचे प्रतिनिधी होते आणि मोतीलालांच्या शिस्तीपासून तसूभर ढळावयास तयार नव्हते. ज्यांनी काल एकत्र मते मागितली, ते आज एकाच वस्तीत एकमेकांविरुद्ध मते मागू लागले.

या वादात माझे मन दोन्हीकडे जाते, पण निर्णय द्यावयाचाच तर तो मी तांब्यांच्या विरुद्ध देईन. पद घेणे वाईट होते म्हणून नव्हे; नकाराचे राजकारण संपत आले होते हे त्यांनी बरोबर ओळखले होते. परंतु ज्या मतदाराने ‘पद घेणार नाही’ या वचनावर मत दिले, त्याच्याकडे पुन्हा जाऊन ‘आता माझे मत बदलले आहे, तुझे काय?’ असे विचारण्यास केवळ एका वर्षाचा अवधी होता. १९२६ ची निवडणूक दारात उभी होती. तेवढा धीर धरला असता तर तोच बदल मतदाराच्या संमतीने झाला असता. पक्षाच्या नावावर मत मागण्याची रीत या प्रांतात नुकती रुजत होती. तिच्या कोवळ्या अवस्थेतच तिला हा धक्का बसावा, याची हळहळ वाटते.

मतदारांनी १९२६ मध्ये स्वराज्य पक्षाचे बहुमत काढून घेतले. मुंजे अभ्यंकरांच्या जागी मध्यवर्ती असेंब्लीवर गेले. १९२७ च्या आरंभी मध्य प्रांतात पुन्हा मंत्रिमंडळ आले, आणि त्यात बिलासपूरचे ई. राघवेंद्र राव हे कालपर्यंतचे स्वराज्यवादी आणि वऱ्हाडचे रामराव देशमुख यांनी पदे घेतली. तांबे १९२९ मध्ये काही काळ प्रभारी गव्हर्नर झाले. पुढे राघवेंद्र रावांनाही तो मान मिळाला. १९३० मध्ये काँग्रेसने कायदेभंगासाठी पुन्हा बहिष्कार घातला, तेव्हा त्या रिकाम्या मैदानातून बहुजन समाजाचे तरुण पुढारी डॉ. पंजाबराव देशमुख मंत्रिपदापर्यंत पोचले. वकिलांच्या व मालगुजारांच्या वर्तुळाबाहेरचा वऱ्हाड सभागृहात बोलू लागला, हा त्या बहिष्काराचा कोणी न योजलेला लाभ होय.

पुढे १९३५ च्या कायद्याने राखीव व सोपीव असा खात्यांचा भेद काढून टाकला, मताधिकार पुष्कळ पटींनी रुंदावला, आणि मध्य प्रांत व वऱ्हाडच्या असेंब्लीच्या जागा ११२ केल्या. त्यांत सर्वसाधारण ८४, आणि त्यांतल्या २० अनुसूचित जातींसाठी राखीव, मुसलमानांच्या १४, स्त्रियांच्या ३, जमीनदारांच्या ३, मजुरांच्या २, व्यापाराच्या २, विद्यापीठाची, आदिवासींची, युरोपियनांची व अँग्लो-इंडियनांची प्रत्येकी एक. जुन्या खास मतदारसंघांचा सांगाडा कायम होता, पण ज्यांना पूर्वी केवळ नेमणुकीच्या दाराने यावे लागे, त्यांना आता मतपेटीतून येता येत होते. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने ७० जागा जिंकल्या, आणि १९२४ चाच पेच पुन्हा उभा राहिला: बहुमत आहे, पद घ्यावे की नाकारावे? गव्हर्नर आपले खास अधिकार दैनंदिन कारभारात वापरणार नाही असा भरवसा मिळाल्यावाचून पद घ्यावयाचे नाही, असे काँग्रेसने ठरविले, तेव्हा १ एप्रिल रोजी अल्पमतातले तात्पुरते मंत्रिमंडळ बनले. त्याचे प्रमुख होते राघवेंद्र राव. साडेतीन महिने खल चालला. या वेळी मात्र निर्णय एकेका सभासदाने आपापल्या विवेकानुसार घेतला नाही; वर्ध्यास बसलेल्या कार्यकारिणीने तो सर्वांच्या वतीने घेतला, आणि १४ जुलै १९३७ रोजी राघवेंद्र रावांच्या जागी नागपूरच्या डॉ. नारायण भास्कर खरे यांनी मध्य प्रांत व वऱ्हाडचे पहिले काँग्रेस मंत्रिमंडळ बनविले.